नवे सर, पहिला आठवडा आणि शेवटचा बाक

एक साधा प्रश्न विचारते. आपल्या कॉलेजात दरवर्षी दोन प्रकारची माणसं नवीन येतात. एक म्हणजे एफ.ई.ची मुलं, आणि दुसरे म्हणजे नुकतंच एम.टेक. संपवून आलेले नवे सर किंवा मॅडम. यातल्या पहिल्या मंडळींसाठी एआयसीटीईने २०१७ साली चांगला तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम आखून दिला. त्यात योगा आहे, शहरात फेरी आहे, मान्यवरांची भाषणं आहेत, सीनिअर्सशी गप्पा आहेत. म्हणजे ज्याला नुसतं बाकावर बसायचंय त्याला तीन आठवडे! आणि ज्याला त्या बाकांसमोर उभं राहायचंय त्याला? त्याला मिळतो टाइमटेबलचा प्रिंटआउट, मस्टरवर सही करायची जागा आणि "सेकंड इयर, बी डिव्हिजन, साडेदहाचं लेक्चर तुमचं" एवढं एक वाक्य. झालं इंडक्शन!

सेकंड इयरला आम्हाला सिग्नल्स अँड सिस्टिम्स शिकवायला असेच एक नवे सर आले. (नाव लिहीत नाही. ते आता इथे नाहीत आणि त्यांना विचारल्याशिवाय छापणं बरं नव्हे.) सेमिस्टर सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, आधीच्या मॅडम सोडून गेल्या होत्या, त्यामुळे सर सोमवारी जॉइन झाले आणि सोमवारीच आमच्या वर्गात उभे राहिले. माणूस हुशार. पण पहिल्या तासापासून ते फळ्याशीच बोलायचे. सत्तर जणांचा वर्ग, वर खडखडणारे पंखे, चौथ्या बाकाच्या मागे काही म्हणता काही ऐकू जायचं नाही. कन्व्हॉल्यूशनचं इंटिग्रल त्यांनी एका तासात तीनदा फळा पुसून सोडवलं. मागून कागदी विमानं सुटली, कुणी "सर, आउट ऑफ सिलॅबस!" अशी आरोळी ठोकली आणि पुढच्याच गुरुवारी मास बंक झाला.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला मी आणि माझी पार्टनर त्यांच्याकडे शंका घेऊन गेलो. सरांनी जर्नलच्या कोऱ्या पानाच्या दोन पट्ट्या फाडल्या. एकीवर एक सिक्वेन्स लिहिला, दुसरीवर दुसरा सिक्वेन्स उलटा करून लिहिला, आणि एक पट्टी दुसरीखालून एकेक घर सरकवत, समोरासमोर येणाऱ्या आकड्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज करत गेले. पाच मिनिटांत कन्व्हॉल्यूशन डोक्यात असं बसलं की अजून उठलेलं नाही! म्हणजे सरांना विषय येत होता, शिकवताही येत होतं, पण दोघींना. सत्तर जणांना शिकवणं हे वेगळंच काम आहे आणि ते काम त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. ती पट्ट्यांची युक्ती मोठ्या कागदावर करून वर्गात दाखवा, एवढं सांगायलाही कुणी नव्हतं. सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅक फॉर्मवर 'पुअर'चा पाऊस पडला. दिवाळीनंतर कळलं की सर एका सॉफ्टवेअर कंपनीत गेले. तिथे म्हणे त्यांना कामाला लावण्याआधी तीन महिने ट्रेनिंग दिलं.

म्हणजे पगार देणारी कंपनी माणसाला तयार केल्याशिवाय कोड लिहू देत नाही. आपल्याच वर्कशॉपचं उदाहरण घ्या. एफ.ई.ला लेथला हात लावण्याआधी ॲप्रन घालायला लावतात, बाह्या वर करायला सांगतात, चकची चावी चकमध्ये विसरू नका म्हणून चारदा बजावतात. पन्नास रुपयांचा जॉब बिघडू नये म्हणून एवढी काळजी! आणि सत्तर मुलांचं एक अख्खं सेमिस्टर ज्याच्या हातात द्यायचं, त्याला कुणी काहीच सांगत नाही.

यावर स्टाफरूममधलं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. "अगं, शिक्षक जन्मावा लागतो!" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण मला ते पटत नाही. माझी शाळा कॉन्व्हेंट. आमच्याकडे दरवर्षी बी.एड.च्या ताई 'पाठ' घ्यायला यायच्या. मराठी शाळेतल्या मुलांनाही हे दृश्य नक्की आठवत असेल. हातात गुंडाळलेले तक्ते, इस्त्रीची साडी, घाबरलेला चेहरा आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या त्यांच्या कॉलेजच्या मॅडम. आम्हाला तेव्हा त्या वहीचं फार हसू यायचं. पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. पहिल्या पाठाला ज्या ताईंचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता, त्याच ताई पंधरा दिवसांनी सिस्टर वर्गात आल्या तरी न अडखळता शिकवत होत्या. पंधरा दिवसांत काही त्यांचा पुनर्जन्म झाला नव्हता! कुणीतरी मागे बसून पाहिलं, पाठ संपल्यावर व्हरांड्यात उभं राहून दोन गोष्टी सांगितल्या, आणि पुढच्या पाठाला त्या सुधारल्या.

आता विरोधाभास बघा. पहिलीला शिकवायचं तर डी.एल.एड. (जुनं डी.एड.) लागतं. नववीला शिकवायचं तर बी.एड. लागतं, आणि ते तर आता दोन वर्षांचं आहे. इंजिनीअरिंगला शिकवायचं तर बी.ई. आणि एम.ई. पाहिजे, त्यात फर्स्ट क्लास पाहिजे. पण शिकवायचं कसं, हे कधी शिकला होतात का, असं नेमणुकीच्या वेळी कुणी विचारत नाही. पोरं मोठी झाली की शिकवणं आपोआप सोपं होतं, असा काहीतरी समज असावा. ज्यांनी असा समज करून घेतलाय, त्यांनी जेवणानंतरच्या दोनच्या लेक्चरला आमच्या वर्गात एकदा येऊन पाहावं!

बरं, शिक्षकाला आधी तयार करायचं ही कल्पना पुण्याला नवी नाही. १८४८ साली जोतीराव फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या, हे आपण चौथीपासून वाचत आलोय. पण त्यांनी अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे मात्र आपण वाचून सोडून देतो. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या, असं त्यांच्या चरित्रांमध्ये नमूद आहे. अंगावर शेण-दगड झेलत शाळेत जाणाऱ्या त्या बाईंचं धैर्य आपण दर ३ जानेवारीला आठवतो, ते योग्यच आहे. पण धैर्याच्या जोडीला त्यांच्याकडे तयारीही होती. नुसतं धैर्य घेऊन वर्गात शिरायची वेळ आपण आजच्या नव्या सरांवर आणतो.

आता जरा जपानला जाऊ या. पुण्यातल्या मुलांना जपान म्हटलं की काय आठवतं? सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, जे ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलं आहे. मग जेएलपीटीच्या परीक्षा. आणि मेकॅनिकल, प्रॉडक्शनवाल्यांना आठवतं काइझेन, फाइव्ह एस, पोका-योके. चाकणला इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात तर शॉपफ्लोअरवर काइझेनचा बोर्ड दिसतोच. रोज थोडी थोडी सुधारणा, आणि ती सगळ्यांनी मिळून, ही जपानी सवय आपण कारखान्यात उचलली. पण हेच जपानी लोक वर्गातही तेच करतात, याकडे आपलं फारसं लक्षच गेलं नाही.

माझं लक्ष गेलं ते जपानी भाषेच्या क्लासमुळे. मी शनिवार-रविवार जपानी शिकते. (प्लेसमेंटसाठीच, उगाच का खोटं बोला!) आमच्या सेन्सेईंची एक मैत्रीण जपानमध्ये प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्याची हकिगत सेन्सेईंनी एकदा सांगितली आणि मग मी हाताला लागेल ते वाचत सुटले.

जपानमध्ये शाळेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या दिवशी नव्या शिक्षकांना नेमणुकीचं पत्र मिळतं. मुलं मात्र शाळेत येतात साधारण ६ ते ८ एप्रिलच्या सुमारास. मधले हे थोडे दिवस रिकाम्या शाळेत फक्त शिक्षक असतात. सेन्सेईंच्या मैत्रिणीने त्या दिवसांत काय केलं? स्टाफरूममध्ये तिला टेबल मिळालं, शेजारी अनुभवी बाई. मग तिने वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव पाठ केलं. तिथे एकाच कांजी अक्षराचे उच्चार अनेक असतात, त्यामुळे यादी वाचून भागत नाही, प्रत्येक नाव कसं उच्चारायचं ते विचारून घ्यावं लागतं. चपला-बुटांच्या खणांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. शाळेतल्या जेवणात कुठल्या मुलाला काय चालत नाही त्याची यादी समजून घेतली. भूकंप झाला तर मुलांना कुठल्या दाराने न्यायचं ते चालून पाहिलं. आणि रिकाम्या वर्गात उभं राहून, शेवटच्या बाकावर शेजारच्या बाईंना बसवून, पहिल्या दिवशी बोलायची पाच वाक्यं मोठ्याने बोलून बघितली. आवाज मागपर्यंत येतोय का, ते बाईंनी सांगितलं.

मला हे शेवटचं ऐकून आमच्या पट्टीवाल्या सरांचीच आठवण झाली. चौथ्या बाकाच्या मागे ऐकू जात नाही, हे त्यांना कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?

बरं, हे त्या एका शाळेच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. जपानने १९८८ साली कायद्यात बदल केला आणि १९८९ पासून सरकारी शाळांतल्या नव्या शिक्षकांसाठी एक वर्षाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. आधी प्राथमिक शाळा, मग पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने बाकीच्या. याला ते शोनिन्शा केन्श्यू म्हणतात, म्हणजे नवागत शिक्षकाचं प्रशिक्षण. सरकारच्या आराखड्यात शाळेतल्या शाळेत आठवड्याला १० तास, म्हणजे वर्षाला ३०० तास, आणि शाळेबाहेर २५ दिवस असं प्रमाण धरलं गेलं. मार्गदर्शन करायला एक अनुभवी शिक्षक नेमून दिलेला असतो. मुख्य म्हणजे हे सगळं नोकरीत असताना, पगार चालू ठेवून!

याच्याही आधीपासूनची त्यांची एक पद्धत आहे, जुग्यो केन्क्यू. सरळ मराठीत पाठाचा अभ्यास. टोकियोत १८७२ साली पहिलं नॉर्मल स्कूल निघालं, त्या मेजी काळात या पद्धतीची मुळं सापडतात. १९९९ साली स्टिग्लर आणि हीबर्ट या दोघा अमेरिकनांनी 'द टीचिंग गॅप' या पुस्तकात तिच्याबद्दल लिहिलं आणि मग जगभर तिचा बोलबाला झाला. पद्धत अगदी साधी आहे. तीन-चार शिक्षक मिळून एक पाठ आखतात. त्यातला एक जण तो वर्गावर घेतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात. बघतात मुलांकडे! कुठल्या क्षणी मुलं गोंधळली, कुणी वहीत काय लिहिलं, हे टिपतात. मग सगळे बसून चर्चा करतात आणि पाठ सुधारतात. चर्चा पाठाची होते, शिक्षकाची नाही. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्यामुळे फसला तरी एकट्याचं नाक कापलं जात नाही.

त्यांच्या पाठाच्या आराखड्यात एक रकाना असतो, तो मला सगळ्यात आवडला. 'मुलं काय उत्तर देतील' हा तो रकाना. म्हणजे बरोबर उत्तर कुठलं हे लिहून थांबायचं नाही, मुलं कुठकुठली चुकीची उत्तरं देतील, तीही आधीच लिहून ठेवायची आणि त्यावर काय विचारायचं ते ठरवायचं. कॉम्प्युटरवाल्यांनो, याला आपण काय म्हणतो? टेस्ट केसेस! प्रोग्रॅम रिलीज करण्याआधी तो कुठे कुठे पडेल ते तपासतोच ना आपण? लेक्चर मात्र आपल्याकडे थेट रिलीज होतं, आणि बग्ज सापडतात एंड-सेमच्या पेपरात.

दुसरी गोष्ट फळ्याची. फळ्यावर काय, कुठे आणि कधी लिहायचं याचं त्यांच्याकडे शास्त्र आहे, त्याला बान्शो म्हणतात. तास संपेपर्यंत शक्यतो फळा पुसायचा नाही, म्हणजे मागे राहिलेल्या मुलाला सुरुवातीपासूनचा धागा डोळ्यांसमोर दिसतो. आमचं ते तीनदा पुसलेलं इंटिग्रल मी मनातल्या मनात तसं मांडून पाहिलं. अगदी आरामात बसतं हो एका फळ्यात!

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी जपानची जाहिरात करतेय. जपानमध्ये सगळं आलबेल नाही. ओईसीडीच्या २०१८ च्या टॅलिस पाहणीत तिथले माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करतात असं दिसलं. भाग घेतलेल्या देशांत हा आकडा सर्वांत मोठा होता, सरासरी होती ३८ च्या आसपास. नव्या शिक्षकाला पहिल्याच वर्षी अख्ख्या वर्गाची जबाबदारी मिळू शकते आणि वर प्रशिक्षणाचे रिपोर्टही लिहावे लागतात. आणखी एक. हे प्रशिक्षण शाळांसाठी आहे. तिथल्या युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांचं बरंचसं आपल्यासारखंच होतं, संशोधन चांगलं म्हणजे शिकवणं येतच असणार असं गृहीत धरायचं. शेवटी २००८ मध्ये अध्यापन सुधारण्याचे उपक्रम तिथल्या युनिव्हर्सिट्यांना बंधनकारक करावे लागले. म्हणजे आजार जगभरचा आहे. पण आजार आहे हे त्यांनी कबूल केलं आणि औषधाला वेळ काढला, हे महत्त्वाचं.

जपानकडून शिकायला पुण्याला कधी कमीपणाही वाटलेला नाही. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली, त्यावरून त्यांनी १९१५ च्या डिसेंबरात महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच! तेच आजचं एसएनडीटी. एका पुस्तिकेवरून विद्यापीठ उभं राहिलं, तर आपल्याला नव्या सरांसाठी एक आठवडा उभा करता येणार नाही?

"आपल्याकडे ट्रेनिंग आहे की!" असंही काही सर म्हणतील. बरोबर आहे. साठच्या दशकात खास तांत्रिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी भोपाळ, चेन्नई, कोलकाता आणि चंडीगडला संस्था निघाल्या, आज त्यांना एनआयटीटीटीआर म्हणतात. एआयसीटीईने नव्या शिक्षकांसाठी आठ मॉड्यूल्सचा ऑनलाइन कोर्सही आणला. मॉड्यूल्सची नावं वाचली तर त्यात पाठाचं नियोजन आहे, संवादकौशल्य आहे, मूल्यमापन आहे. त्याच्यापुढे अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकण्याचा आणि इंडस्ट्रीत जाऊन येण्याचा टप्पाही ठेवला आहे. कागदावर काहीच कमी नाही. पण व्हिडिओ पाहून पोहायला येत नाही. पाण्यात उतरताना काठावर कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजेच तो मार्गदर्शक. आपल्या डिपार्टमेंटमध्ये नव्या सरांचा मार्गदर्शक कोण, हे कुणाला माहीत आहे का? ज्याला माहीत असेल त्याने मला मेसमध्ये गाठून सांगावं, चहा माझ्याकडून!

खरी अडचण दोन ठिकाणी आहे असं मला वाटतं.

पहिली पैशाची. आज कितीतरी नवे शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर येतात. जेवढे तास घेतले तेवढे पैसे. आता अशा माणसाला तुम्ही सांगितलंत की आठवडाभर नुसतं बघा, तास घेऊ नका, तर त्याला त्या आठवड्याचे पैसे कोण देणार? शिकून घेण्याचा दंड त्याच्याच खिशातून! शाळांमध्येही वेगळं नाही. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नवा शिक्षक तीन वर्षं मानधनावर. २०२३ मध्ये वाढ होऊन प्राथमिकचं मानधन महिना १६,००० रुपये झालं, त्याआधी ते ६,००० होतं. जपानचा नवा शिक्षकही पहिलं वर्ष परीक्षेवरच असतो. पण तिथे परीक्षेच्या काळात पगार असतो आणि शेजारी मार्गदर्शक असतो. आपल्याकडे परीक्षेचा काळ तिप्पट आणि पगाराच्या जागी मानधन. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सीएचबीच्या शिक्षकाला पहिल्या आठवड्याचे तास घेतले असं धरून पूर्ण पैसे द्यावेत. कॉलेजच्या गॅदरिंगच्या मांडवाला जेवढा खर्च येतो त्याच्यापुढे हे काहीच नाही.

दुसरी अडचण पैशाची नाही, सवयीची आहे, म्हणून जास्त अवघड. आपल्याकडे एका सरांच्या वर्गात दुसरे सर कधी बसतात? नॅकची किंवा एनबीएची कमिटी येणार असेल तेव्हा, नाहीतर कुणाची तक्रार झाली असेल तेव्हा. त्यामुळे मागच्या बाकावर कुणी मोठं माणूस येऊन बसलं की समोरच्याला घाम फुटतो. मागे बसणारा म्हणजे तपासणीस, हे समीकरण डोक्यात पक्कं झालंय. जोपर्यंत मागे बसणारा सोबती वाटत नाही, तोपर्यंत कुठलंही मॉड्यूल फुकट आहे. आणि हे समीकरण मोडायची सुरुवात नव्या सरांकडून होऊच शकत नाही. ती सीनिअर सरांनीच करायला हवी. ज्यांचं लेक्चर ऐकायला दुसऱ्या डिव्हिजनची मुलं येऊन बसतात असे दोन-तीन सर प्रत्येक कॉलेजात असतात. त्यांनी एकदा म्हणावं, "माझ्या तासाला या, मागे बसा, आणि नंतर काय खटकलं ते सांगा." एच.ओ.डी. सरांनी असं म्हटलं तर मग बाकीच्यांची भीड चेपायला वेळ लागणार नाही.

आता नुसतं बोलून थांबत नाही, आठवडाच आखून देते. सोमवारी नव्या सरांना एकही लेक्चर देऊ नये. लॅब असिस्टंट काकांनी त्यांना लॅब दाखवावी, कुठला सीआरओ ठोकल्याशिवाय चालू होत नाही हे त्या काकांनाच माहीत असतं. मंगळवारी सरांनी तीन वेगवेगळ्या विषयांच्या तासांना शेवटच्या बाकावर आमच्यासोबत बसावं. फळा तिथून कसा दिसतो, आवाज किती येतो, दुपारी दोनला झोप किती येते, सगळं आपोआप कळेल. बुधवारी एखाद्या सीनिअरबरोबर बसून पहिल्या लेक्चरचा आराखडा करावा, त्यात तो 'मुलं काय उत्तर देतील' रकाना हवाच. गुरुवारी रिकाम्या वर्गात दोन-तीन सहकाऱ्यांसमोर पंधरा मिनिटं शिकवून पाहावं. शुक्रवारी खरं लेक्चर, सीनिअर सर मागे. आणि शनिवारी कॅन्टीनला चहा घेत फक्त त्या लेक्चरबद्दल गप्पा. रिपोर्ट नाही, फॉर्म नाही, फाइल नाही. तेवढे दिवस त्यांची लेक्चर्स डिपार्टमेंटमधल्या चौघांनी वाटून घ्यावीत. सेमिस्टरच्या मधेच कुणी आलं तरी एवढं जमण्यासारखं आहे.

यात आपलाही, म्हणजे बाकांवर बसणाऱ्यांचा, वाटा आहे. फीडबॅक आपण देतो सेमिस्टरच्या शेवटी. त्याला मी पोस्टमॉर्टेम म्हणते, कारण तोपर्यंत पेशंट गेलेला असतो! त्याऐवजी दुसऱ्याच आठवड्यात सी.आर.ने वर्गातून चिठ्ठ्या गोळा कराव्यात. नाव नको, मार्क नकोत, फक्त दोन ओळी. काय कळलं आणि कुठे सुटलं. त्या थेट सरांच्या हातात द्याव्यात, ऑफिसात नाही. "मागे ऐकू येत नाही सर" हे चिठ्ठीत लिहायला अर्धा मिनिट लागतो. विमान बनवायलाही साधारण तेवढाच लागतो, कागदही तेवढाच लागतो. वर्गात आरोळी ठोकणाऱ्यांना मी उपदेश करणार नाही, तो माझा प्रांत नाही. एवढंच म्हणते की घाबरलेला माणूस फळ्याकडे तोंड करतो, आणि फळ्याकडे तोंड केलेल्या माणसाकडून शिकण्यात तोटा आपलाच असतो. सर दुसरीकडे जातात, त्यांना नोकरी मिळते. बॅकलॉग आपल्याकडे राहतो.

हॉस्टेलवर रात्री दीड वाजता एम-थ्री समजावून सांगणाऱ्या आपल्यातल्याच काही जणी आणि काही जण उद्या शिक्षक होतील. त्यांना शिकवण्याची हौस आहे, हे आम्ही रोज बघतो. पण "लेक्चरर होणार" म्हटल्यावर घरचे आणि मित्र दोघेही कपाळाला हात लावतात, आणि त्यात पहिल्याच दिवशी एकट्याला वर्गात ढकलणार असतील तर उरलीसुरली हौसही जाते. चांगले शिक्षक मिळत नाहीत म्हणून आपण सगळेच ओरडतो. जे मिळाले होते त्यातले किती जण पहिल्या सेमिस्टरमध्येच आपण घालवले, याचाही एकदा हिशोब व्हायला हवा.

येत्या टर्मला आपल्या कॉलेजात नवे सर, नव्या मॅडम येतीलच. प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना या पानावरून नम्र विनंती आहे, त्यांना सोमवारी साडेदहाचं लेक्चर देऊ नका. आधी शेवटच्या बाकावर बसू द्या. जागा आम्ही करून देऊ.